रिफायनरीशेजारच्या गावावर बनलेल्या ‘नॉर्को’ गेमवरून खेळाडूंमध्ये वाद का होतो? आणि रत्नागिरीकरांना त्यात काय सापडेल?

आई कॅन्सरने गेली आहे. भाऊ बेपत्ता आहे. घर सोडून भटकत राहिलेली मुलगी बऱ्याच वर्षांनी परत आली आहे. घराच्या मागे रिफायनरी उभी आहे आणि तिच्या चिमणीच्या टोकावर ज्वाळा पेटलेली आहे.

वाचून एखाद्या समांतर सिनेमाची गोष्ट वाटेल, पण हा व्हिडिओ गेम आहे. नाव ‘नॉर्को’. २४ मार्च २०२२ ला तो पीसीवर आला आणि त्याच वर्षी कन्सोलवरही. त्याआधी २०२१ मध्येच न्यूयॉर्कच्या ट्रायबेका फेस्टिव्हलने गेम्ससाठी पहिल्यांदा दिलेला पुरस्कार त्याने घेतला होता. चित्रं जुन्या पद्धतीची, ठोकळ्याठोकळ्यांची, म्हणजे पिक्सेल आर्ट. खेळायची पद्धतही नव्वदच्या दशकातली: स्क्रीनवर एखाद्या वस्तूवर क्लिक करा, माणसांशी बोला, वाचा, पुढे जा. बंदूक घेऊन पळायचं नाही, रँक वाढवायची नाही.

बीजीएमआय आणि फ्री फायरवर वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रकार संथ वाटू शकतो. पण या गेमबद्दल खेळाडूंनी जे लिहून ठेवलंय, ते रत्नागिरी जिल्ह्यात बसून वाचलं की वेगळंच वाटतं. नाणार आणि बारसू ही नावं ज्यांनी बातम्यांत नाही तर घरात ऐकली आहेत, त्यांना तर जास्तच.

नॉर्को हे गाव खरं आहे का?

हो, अगदी खरं. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठावर, न्यू ऑर्लिन्सपासून साधारण ४० किलोमीटरवर. गावाचं नाव ‘न्यू ऑर्लिन्स रिफायनिंग कंपनी’ या नावाच्या आद्याक्षरांतून आलंय. म्हणजे उद्या राजापूरजवळच्या एखाद्या गावाला लोक ‘आरआरपीसीएल’ म्हणू लागले तर कसं वाटेल, तसं. नंतर शेल कंपनीने ती रिफायनरी घेतली आणि गाव तिच्या भोवतीच वाढलं.

मे १९८८ मध्ये तिथे स्फोट झाला आणि ७ कामगार गेले. गावातच डायमंड नावाची चार रस्त्यांची कृष्णवर्णीयांची वस्ती होती, एका बाजूला केमिकल प्लांट आणि दुसऱ्या बाजूला रिफायनरी. तिथल्या लोकांनी साध्या बादल्यांचं यंत्र करून हवेचे नमुने गोळा केले, अनेक वर्षं भांडले आणि २००२ मध्ये कंपनीने त्यांची घरं विकत घेऊन त्यांना दुसरीकडे जाऊ देण्याचं मान्य केलं. त्या लढ्यातल्या मार्गी रिचर्ड यांना २००४ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज हा नदीकाठचा पट्टा कारखान्यांनी इतका भरलाय की त्याला ‘कॅन्सर अ‍ॅली’ म्हणतात.

गेम बनवणाऱ्या गटाचं नाव ‘जिओग्राफी ऑफ रोबॉट्स’. त्याचा मुख्य माणूस ‘युट्स’ या टोपणनावाने वावरतो आणि तो याच गावात वाढलाय. गेममध्ये कंपनीचं नाव शेल नाही, ‘शील्ड’ आहे. फार डोकं चालवायची गरज पडत नाही.

मग यात सायबरपंक काय आहे?

हा पहिला वाद. ‘सायबरपंक’ म्हटलं की आपल्यासमोर येतात निऑन दिवे, पावसात भिजलेलं महानगर, उडत्या गाड्या, यांत्रिक हात. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘सायबरपंक २०७७’ने ते चित्र पक्कं केलं. नॉर्कोत यातलं जवळपास काहीच नाही. दलदल आहे, पेट्रोल पंप आहे, ओस पडलेला मॉल आहे. त्यामुळे काही खेळाडू म्हणतात, हा सायबरपंक नाहीच, ही दक्षिण अमेरिकी राज्यांतली भुताटकीच्या वळणाची कौटुंबिक गोष्ट आहे आणि तोंडी लावायला थोडे रोबॉट.

मला हे पटत नाही. गेममधली आई, कॅथरिन, आजारपणाचं कर्ज फेडण्यासाठी एका अ‍ॅपवर मिळतील ती छोटी छोटी कामं करते. काम कोण देतंय हे तिला माहीत नाही. मरण्याआधी आपल्या आठवणींची डिजिटल प्रत काढून ठेवायची सोय तिच्यासमोर येते, आणि त्या प्रतीवर मालकी कोणाची हा प्रश्न पुढे उभा राहतो. ती शेवटच्या दिवसांत कशाच्या तरी शोधात होती आणि त्या शोधात कंपनीलाही रस होता. घरात एक रोबॉट आहे, नाव मिलियन, आणि तो घरातल्याच माणसासारखा आहे. तंत्रज्ञान भारी, जगणं मात्र हलाखीचं, हीच तर या प्रकाराची मूळ व्याख्या. फक्त इथे ते महानगरात न घडता आडगावात घडतं.

असं करणारा हा पहिला गेम नाही. २०१६ मध्ये आलेला ‘व्हॅल-हॅल-ला’ (इंग्रजीत तो आकडे आणि अक्षरं मिसळून लिहितात) व्हेनेझुएलातल्या छोट्या टीमने बनवला. त्यात तुम्ही बारटेंडर असता, येणाऱ्यांना पेय बनवून देता, त्यांचं ऐकता. आणि महिन्याच्या शेवटी भाडं आणि विजेचं बिल भरायचं असतं. देशात टंचाई चालू असताना तिथल्या मुलांनी भविष्याची गोष्ट लिहिली आणि त्या भविष्यातही बिलाची चिंता सुटली नाही. हेही जुन्या जपानी कॉम्प्युटरवरच्या गेम्सच्या धर्तीवरचं पिक्सेल काम. चित्रं साधी ठेवली की छोट्या टीमला परवडतं, आणि जो पैसा वाचतो तो लिखाणात घालता येतो, हे एक व्यवहारी कारण आहेच.

तर खेळाडू काय म्हणतात?

कौतुक करणारेच जास्त आहेत. त्यांच्या बोलण्यात तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: लिखाण, चित्रं आणि संगीत. संवादांमध्ये विनोद आणि दुःख एकाच वाक्यात येतं, असं बरेच जण म्हणतात. संध्याकाळच्या आकाशावर रिफायनरीची ज्वाळा दिसते ते चित्र लोक फोनचा वॉलपेपर करून ठेवतात. लुइझियानाच्या त्या भागातून आलेल्या खेळाडूंचा सूर अजून वेगळा. ते कथेपेक्षा बारीकसारीक गोष्टींबद्दल बोलतात: पुराच्या पाण्याची भिंतीवर राहिलेली खूण, शेजाऱ्याची बोलण्याची पद्धत, घरात सगळ्यांना माहीत असलेला पण कोणी न बोलणारा आजार.

तक्रारीही आहेत, आणि त्या खोडसाळ नाहीत.

पहिली तक्रार मारामारीची. मध्येच छोट्या लढाया येतात, ज्यात चिन्हांचा क्रम लक्षात ठेवायचा किंवा वेळ साधून बटण दाबायचं. त्या ओढूनताणून आणल्यासारख्या वाटतात असं गेम आवडलेले लोकही सांगतात. बरोबर आहे. त्या काढल्या असत्या तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

दुसरी तक्रार उत्तरार्धाबद्दल. सुरुवातीला आई, भाऊ, घर, कंपनी अशी घट्ट गोष्ट चालते. मग अचानक एक पंथ येतो. बंद पडलेल्या मॉलमध्ये जमलेली तरुण पोरं, सगळ्यांनी एकच नाव घेतलेलं, एक बाबा आणि आकाशात जायची योजना. ‘रिफायनरीवरून धर्मावर कुठे गेलात?’ असा सूर बऱ्याच रिव्ह्यूंमध्ये दिसतो.

हा आक्षेप मला कोकणात बसून थोडा कमी पटतो. आपल्याकडे गावातला मोठा प्रश्न आजही देवळात कौल लावून विचारला जातो. बारसूच्या ज्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रं आली, त्याच सड्यावर दोन वाघांना दोन हातांनी अडवणाऱ्या माणसाचं भलंमोठं कातळशिल्प आहे, आणि २०२२ पासून ते युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहे. प्रकल्प, देव आणि दंतकथा एकाच जमिनीवर असणं आपल्याला विचित्र वाटत नाही. पंथातल्या पोरांबद्दलही तेच. काम नाही, शिक्षणाचा उपयोग नाही आणि कोणीतरी येऊन ‘तुम्ही खास आहात’ म्हणतो. हे समजायला लुइझियानाला जावं लागत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यात महत्त्वाची. खेळाडू म्हणतात, ‘मी जे निवडतो त्याने फार काही बदलत नाही. शेवट अचानक येतो आणि हिशोब पूर्ण होत नाही.’ शेवट मी सांगणार नाही. पण तुम्ही कंपनीला हरवता, गाव वाचवता, आईला न्याय मिळतो, असली अपेक्षा ठेवून बसलात तर निराश व्हाल. या मुद्द्यावर खेळाडूंचे सरळ दोन गट पडतात. एक म्हणतो, गेममध्ये निवड नसेल तर पुस्तकच वाचलं असतं. दुसरा म्हणतो, अशा गावातल्या माणसाला निवड असतेच कुठे, गेमने तेच दाखवलंय.

आकड्यांवरून हा वाद का कळत नाही?

स्टीम हे पीसी गेम्सचं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान. तिथे खेळाडूला दोनच पर्याय असतात, अंगठा वर किंवा अंगठा खाली. त्याच्या टक्केवारीवरून ‘खूप सकारात्मक’, ‘संमिश्र’ असे शेरे तयार होतात. ४० ते ६९ टक्के असेल तर संमिश्र, ८० च्या वर गेलं की खूप सकारात्मक. म्हणजे ज्याला गेम जेमतेम बरा वाटला आणि ज्याचं आयुष्य बदललं, दोघांचा अंगठा सारखाच मोजला जातो. वर ज्या तक्रारी सांगितल्या, त्या मांडणाऱ्या कित्येकांनी शेवटी अंगठा वरच केलेला असतो.

दुसरी गोष्ट, नॉर्कोसारख्या गेमला वाईट म्हणू शकणारे बरेच लोक तो विकतच घेत नाहीत. ज्याला वाचायचा कंटाळा आहे तो पानावरची दोन चित्रं बघूनच पुढे जातो. घेतलाच, तर दोन तासांपेक्षा कमी खेळून १४ दिवसांच्या आत परत करायची सोय आहे. त्यामुळे अशा गेम्सचा शेरा जरा जास्तच गोड असतो. रिव्ह्यूशेजारी तो माणूस किती तास खेळलाय हे लिहिलेलं असतं. आधी ते बघा. नॉर्को साधारण पाच-सहा तासांत संपतो. चाळीस मिनिटं खेळून लिहिणारा उत्तरार्धाबद्दल बोलत असेल तर तो ऐकीव बोलतोय.

ऑगस्ट २०२५ मध्ये स्टीमने एक बदल केला. ज्या गेमला किमान २,००० रिव्ह्यू आहेत आणि एखाद्या भाषेत किमान २०० आहेत, तिथे त्या भाषेचा वेगळा शेरा दाखवायला सुरुवात झाली. कारण साधं होतं. कुठे भाषांतर वाईट असतं, कुठे सर्व्हर बंद पडतो, आणि एका भाषेतल्या खेळाडूंची नाराजी सगळ्यांच्या आकड्यात विरघळून जाते. संवादांवर उभ्या असलेल्या गेम्ससाठी तर हे फारच गरजेचं होतं.

मराठीला याचा उपयोग शून्य. रिव्ह्यूची भाषा निवडताना मराठी हा पर्यायच नाही. रत्नागिरीतल्या कोणी मराठीत भरभरून लिहिलं तरी ते इंग्रजीच्या किंवा दुसऱ्या कुठल्या तरी भाषेच्या खात्यात जमा होणार. त्यामुळे मराठी खेळाडूला काय वाटलं याचा आकडा कुठेही तयार होत नाही. गेमही मराठीत किंवा हिंदीत नाही. भारतात बनलेल्या गेम्सचीही सुरुवात इंग्रजीतूनच होते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ २०२० मध्ये इंग्रजी आवाजात आला, हिंदी आवाज नंतरच्या सुधारित आवृत्तीत मिळाला. गोव्यातल्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा ‘फरगॉटन फील्ड्स’ तर घर सोडून जायची वेळ आलेल्या माणसाचीच गोष्ट आहे. तोही इंग्रजीतच.

आता बारसूकडे

माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी २०१७ मध्ये ‘रत्नागिरी रिफायनरी अँड पेट्रोकेमिकल्स’ ही कंपनी काढली. वर्षाला ६ कोटी टन क्षमता, ३ लाख कोटी रुपयांच्या घरातला खर्च, आणि २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबू धाबीच्या अ‍ॅडनॉकची साथ. आधी जागा ठरली नाणारची. विरोध झाला आणि मार्च २०१९ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, ती जागा रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने केंद्राला बारसू-सोलगाव परिसराचा पर्याय कळवला. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झालं तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, अश्रुधुराची नळकांडी फुटली, लोकांची धरपकड झाली. रिफायनरी अजून उभी राहिलेली नाही. निवडणूक आली की विषय मात्र उभा राहतो.

म्हणजे नॉर्को ही शंभर वर्षांनंतरची गोष्ट आहे आणि बारसू ही पहिल्या दिवसाच्या आधीची. खेळाडूंच्या तिसऱ्या तक्रारीचा खरा अर्थ इथे कळतो. गेममधली के घरी येते तेव्हा सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. रिफायनरी यावी की नाही, हा प्रश्न तिच्या आजोबांच्याही आधी कोणीतरी सोडवला. तिच्या वाट्याला उरलंय ते फक्त शोधणं आणि समजून घेणं. त्यामुळे गेमने निवड दिली नाही यात मला खोट दिसत नाही. पण ‘अशा गावातल्या माणसाला निवड नसतेच’ हे जे दुसरा गट म्हणतो, तेही सरसकट खरं नाही. नाणारच्या लोकांनी नको म्हटलं आणि अधिसूचना रद्द झाली. निवड असते. तिची वेळ असते, आणि नॉर्कोत ती वेळ केव्हाच गेलेली होती.

हा गेम रिफायनरीविरोधी पत्रक आहे का? विरोधकांनी तो तसा वापरला तर आश्चर्य वाटणार नाही, पण खेळून बघितलं तर तसं म्हणणं अवघड जातं. के गाव सोडून गेली ती केवळ प्रदूषणामुळे गेली नाही, आणि जे राहिले ते केवळ अडकले म्हणून राहिले नाहीत. रिफायनरीने गावाला पगार दिला हे गेम लपवत नाही. राजापूर तालुक्यातही समर्थन करणारे गावकरी आहेत, आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंद घरं, म्हातारे आईवडील, मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी पोरं, गणपतीला आणि शिमग्याला तेवढे उघडणारे दरवाजे. नोकरी इथे असती तर मुलगा इथे असता, हे वाक्य कोकणातल्या किती पडव्यांवर बोललं जातं ते मोजता येणार नाही. के ही एका अर्थाने चाकरमानीच आहे. आई गेल्यावर पोचलेली.

आणि ‘नंतरची’ गोष्ट आपल्याच जिल्ह्यात नाही असंही नाही. खेड तालुक्यात लोटे परशुरामची केमिकल एमआयडीसी आहे. तिथल्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार कित्येक वर्षं तक्रार करतायत, आणि त्याच एमआयडीसीवर खेड-चिपळूणमधली शेकडो घरंही चालतात. एकाच घरात एक भाऊ कंपनीत आणि दुसरा जाळं घेऊन खाडीत, असं असेल तर जेवताना विषय काय निघत असेल? नॉर्को या जेवणाच्या टेबलावर सगळ्यात चांगला आहे. मला लढायांपेक्षा आणि अंतराळयानापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलं: एकमेकांवर प्रेम असलेली माणसं, आणि कंपनीचं नाव निघालं की पडणारी शांतता.

एक गोष्ट मात्र गेममध्ये जवळजवळ नाही, ती म्हणजे चळवळ. बादल्या घेऊन हवेचे नमुने गोळा करणाऱ्या डायमंड वस्तीचा लढा त्याच गावात घडला आणि तो जिंकलाही गेला, पण कथेच्या केंद्रस्थानी तो कुठेच नाही. लेखकाला हरवलेपण सांगायचं होतं, म्हणून त्याने एकटी मुलगी निवडली. तो त्याचा अधिकार. पण बारसूच्या सड्यावर उन्हात बसलेल्या बायकांच्या बातम्या वाचलेल्या माणसाला ही जागा रिकामी दिसते. खेळाडूंच्या रिव्ह्यूंमध्ये हा मुद्दा मला फारसा कुठे सापडला नाही. कदाचित रिफायनरीला विरोध झालेल्या गावातून कोणी लिहिलं, तर सापडेल.

खेळायचा असेल तर

फोनवर शोधत बसू नका, पीसी किंवा कन्सोल लागेल. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही, कॉलेजच्या असाइनमेंटसाठी घेतलेला जुना लॅपटॉपही बहुतेक चालेल. इंग्रजी बऱ्यापैकी वाचता यायला हवं, कारण बोलणं जवळपास सगळं लिखित आहे आणि काही वाक्यं दोनदा वाचावी लागतात. स्टीमवर किंमत रुपयांत दिसते आणि सेलमध्ये ती बरीच उतरते, तेव्हा घाई नको. लढाया कंटाळवाण्या वाटल्या तर वैतागू नका, त्या लवकर संपतात. आणि गेममध्ये ‘मनाचा नकाशा’ नावाची एक जागा आहे, जिथे केच्या डोक्यातली माणसं, जागा आणि आठवणी रेषांनी जोडलेल्या दिसतात. घाईत बरेच जण ती उघडतच नाहीत. दर थोड्या वेळाने तिथे एक चक्कर मारा, आईबद्दलच्या अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात.